मुरुमांचे खड्डे: माझ्यासाठी उपचार आणि धाकट्या भावासाठी खबरदारी, मदत हवी आहे

नमस्कार. मी रावेर तालुक्यातील एका गावात राहते. माझे वय २७ आहे. आमची केळीची बाग असून तिची देखरेख माझ्याकडे असल्यामुळे वर्षातील बहुतेक दिवस उन्हातच जातात. १५व्या वर्षापासून माझ्या दोन्ही गालांवर मोठे, दुखरे मुरूम येत असत. ते आता जवळजवळ थांबले आहेत, परंतु त्यांनी मागे ठेवलेले खड्डे जसेच्या तसे आहेत. या खड्ड्यांवर ज्यांनी स्वतः उपचार घेतले आहेत, त्यांचा अनुभव मला हवा आहे. त्याहून निकडीचा प्रश्न माझ्या १६ वर्षांच्या भावाचा आहे, कारण त्याच्या गालांवर आता तेच सुरू झाले आहे.

माझ्या वेळी आजी म्हणत असे की अंगातली उष्णता बाहेर पडते आहे, वय सरले की चेहरा आपोआप निवळेल; आणि आम्ही सर्वांनी ते खरे मानले. मी मुरूम नखाने फोडत असे, त्यांवर लिंबू आणि खाण्याचा सोडा लावत असे. पुढे एका मेडिकलमधून चिठ्ठीशिवाय मिळालेली गोरेपणाची क्रीम मी दीड वर्ष लावली. सुरुवातीला चेहरा इतका उजळला की घरच्यांनीही कौतुक केले, पण क्रीम थांबवताच आग, लाली आणि मुरमांचा नवा भर येई, म्हणून मी ती पुन्हा लावत असे. तिच्यात स्टेरॉइड होते, हे फार उशिरा कळले. सर्वांत खोल खड्डे त्याच काळातले आहेत. हे सविस्तर लिहिण्याचे कारण असे की तशीच एक नळी गेल्या आठवड्यात मला भावाच्या दप्तरात सापडली.

आखाजी (अक्षय्य तृतीया) झाल्यावर मी त्याला घेऊन जळगावला एका त्वचारोगतज्ज्ञांकडे गेले होते आणि तेव्हा माझाही चेहरा दाखवला. त्यांनी प्रथम डाग आणि खड्डा यांतला फरक समजावला. बोटाला सपाट लागणारा काळसर डाग म्हणजे साचलेले रंगद्रव्य, जे उन्हापासून जपल्यास काही महिन्यांत फिके होते; खड्ड्यात मात्र आतल्या कोलॅजेनचीच, म्हणजे त्वचेला आधार देणाऱ्या प्रथिनाचीच, हानी झालेली असते आणि केवळ मलमाने तो भरून येत नाही. माझ्या गालांवर सुईने टोचल्यासारखी अरुंद, खोल छिद्रे आहेत, उभ्या कडांचे रुंद खड्डे आहेत आणि लाटांसारखे उथळ खळगेही आहेत, जे गाल ताणला की दिसेनासे होतात. छिद्रांसाठी टीसीए (ट्रायक्लोरोॲसेटिक) आम्लाचा नेमका थेंब, खळग्यांसाठी सबसिजन, म्हणजे त्वचेला आत ओढून धरणारे तंतू सुईने सोडवणे, आणि त्यानंतर महिन्याच्या अंतराने मायक्रोनीडलिंगच्या, म्हणजे बारीक सुयांनी त्वचा टोचून नवे कोलॅजेन तयार करवण्याच्या, ४ बैठका, असे त्यांनी सुचवले आहे. सुरुवात दिवाळीनंतर, ऊन उतरल्यावर करायची आहे.

माझी अडचण अशी की बागेचे काम हिवाळ्यातही थांबत नाही. प्रत्येक बैठकीनंतर किती दिवस उन्हात जाता येत नाही? माझ्यासारख्या सावळ्या त्वचेवर नंतर काळे डाग उमटतात का? भावाला मुरमांवर लावायला रात्री अडापलीन आणि सकाळी बेन्झॉइल पेरॉक्साइड ही औषधे दिली आहेत. तेवढ्याने भागले नाही तर आयसोट्रेटिनॉइन या पोटात घ्यायच्या गोळ्यांचा विचार करू, असे डॉक्टर म्हणाले, आणि ते नाव ऐकूनच आई घाबरली आहे. नळीबद्दल मी त्याला अजून काही विचारलेले नाही. रागावले तर तो पुढची नळी अधिक नीट लपवील, अशी भीती वाटते.

धुळ्याहून प्रतिसाद:

ताई, माझे सबसिजन आणि मायक्रोनीडलिंगच्या ३ बैठका झाल्या आहेत, म्हणून लिहितो. सबसिजननंतर गाल १० दिवस काळानिळा होता. मायक्रोनीडलिंगची लाली मात्र दोन-तीन दिवसांत उतरली. दुसऱ्या बैठकीनंतर चौथ्याच दिवशी मी एका लग्नात भर दुपारी मांडवाबाहेर उभा राहिलो आणि त्याचे तपकिरी डाग जायला ४ महिने लागले. आपण प्रत्येक बैठकीनंतर किमान आठवडाभर बाग दुसऱ्या कोणावर सोपवावी. एरवीही केवळ स्टोलवर विसंबू नये; एसपीएफ ३० किंवा अधिकचे सनस्क्रीन लावून बाहेर असताना दर दोन तासांनी पुन्हा लावावे. माझे खड्डे गेले नाहीत, साधारण निम्मे उथळ झाले, आणि तेवढ्यावर मी समाधानी आहे.

भावाच्या बाबतीत मला अधिक कळकळीने सांगावेसे वाटते. ती नळी लगेच फेकून देऊ नका. तो ती किती दिवस लावतो आहे हे शांतपणे विचारा आणि नळीसकट त्याला डॉक्टरांकडे न्या, कारण बरेच दिवस लावलेले स्टेरॉइड कसे थांबवायचे हे त्यांनीच ठरवलेले बरे. अडापलीन वाटाण्याएवढे घेऊन, मुरमापुरते नव्हे तर सगळ्या चेहऱ्यावर, कोरड्या त्वचेवर लावायचे असते. पहिले काही आठवडे साल निघते, मुरूम वाढल्यासारखेही वाटतात. फरक दिसायला ८ ते १२ आठवडे लागतात. हे आधी सांगितले नाही, तर मुले तिसऱ्या आठवड्यात औषध सोडून पुन्हा नळीकडे वळतात. बेन्झॉइल पेरॉक्साइडने रंगीत उशीचा अभ्रा विटतो, तेव्हा पांढरा घाला. आयसोट्रेटिनॉइन मी ६ महिने घेतले. ओठ फार कोरडे पडतात, यकृताच्या आणि रक्तातील चरबीच्या तपासण्या होतात, मन उदास होते का याकडे घरच्यांनी लक्ष ठेवायचे असते. मुलींनी त्या काळात गर्भधारणा कटाक्षाने टाळावी लागते. खड्डे पाडणारे मुरूम वेळीच थांबवण्यासाठीच ते देतात, हे आईंना जरूर सांगा.

धागाकर्तीचे उत्तर:

दादा, आपले मनापासून आभार. काल रात्री त्याच्याशी बोलले. तो ११ दिवस ती क्रीम लावत होता, आणि माझ्या गालांसारखे होऊ नये म्हणूनच आणली, असे म्हणाला. नळी त्याने स्वतःहून माझ्या हातात दिली. सोमवारी आम्ही दोघे पुन्हा जळगावला जात आहोत. सबसिजनच्या वेळी गाल बधिर करतात का आणि त्याच दिवशी एसटीने गावी परतता येते का, एवढे कोणी सांगितल्यास बरे होईल.