मदत हवी आहे: करारात ‘स्वतंत्र सल्लागार’, काम मात्र नोकरीचं

नमस्कार मंडळी. करारात मला ‘स्वतंत्र सल्लागार’ म्हटलंय, म्हणून भरपगारी रजा नाही, काढायचं झालं तर नोटीसही नाही. पण कामाच्या वेळा कंपनी ठरवते, लॅपटॉप त्यांचा, सुट्टीला साहेबांची परवानगी लागते आणि दुसरीकडे काम घ्यायला मनाई. मग मी स्वतंत्र कशी?

आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेची २००६ सालची १९८ क्रमांकाची शिफारस सांगते की, कागदावर काहीही लिहिलेलं असो, प्रत्यक्ष काम कसं चालतं त्यावरून मालक-नोकर असं नातं आहे की नाही ते ठरवावं. शिफारस बंधनकारक नसते, पण अनेक देशांतली न्यायालयं हेच बघतात.

आपण खरं तर नोकरच आहोत, असा दावा कोणी केलाय का? ईमेल, हजेरीच्या नोंदी, बँकेतल्या जमा रकमा, यांतलं काय जास्त उपयोगी पडलं? आधी कंपनीला लेखी विचारू की थेट वकील गाठू? याच करारावर माझे आणखी सहकारी आहेत, त्यामुळे घाईत चुकीचं पाऊल नकोय.