टोमॅटोची लांबलेली रोपं
खिडकीत ठेवलेली टोमॅटोची रोपं उंच होऊन आडवी पडतात, असं एकाने विचारलंय आणि त्यावर कुणीतरी खत घालायचा सल्ला दिलाय. कृपया खत नका घालू, आणखी लांबतील. त्यांना उजेड कमी पडतोय. इथे शिकागोत मार्चमध्ये खिडकीतल्या उजेडावर भागत नाही. रोपांसाठी मिळणारा महागडा जांभळा दिवा नको, साधी पांढरी एलईडी ट्यूब पुरते. ती शेंड्यापासून 3-4 इंचांवर टांगा, रोपं वाढतील तशी वर घ्या. टायमरवर 14 ते 16 तास उजेड, मग पूर्ण अंधार.

पडलेली रोपं लगेच फेकू नका. आधी बुंधा बघा. मातीलगत खोड तपकिरी, पाणचट आणि दोऱ्यासारखं बारीक झालं असेल तर हा रोपं कोलमडण्याचा बुरशीजन्य रोग आहे. ते रोप काढा, पाणी कमी करा, छोटा पंखा लावा. खोड हिरवं असेल तर पहिल्या दोन पानांपर्यंत मातीत गाडून नव्या कुंडीत लावा. टोमॅटोला गाडलेल्या खोडावरही मुळं फुटतात.

मिरची-वांग्याच्या बियांना उगवायला मात्र आधी ऊब हवी, माती 27-29 अंश सेल्सियस. ट्रेखाली हीट मॅट (विजेवर तापणारी चटई) ठेवा, कोंब दिसले की मॅट काढा.