चकली कुरकुरीत राहते, तरी खवट होते: नायट्रोजन भरून घ्यावा का?

भाजणीघर:
मी घरगुती स्तरावर भाजणीच्या चकल्या करून दुकानांना देते. पारदर्शक पॉलिप्रॉपिलीनच्या पिशवीत भरून पट्टीच्या यंत्राने सील करते. तीन आठवड्यांनी परत आलेल्या पाकिटांतील चकल्या सादळलेल्या नव्हत्या, मात्र त्यांना खवट वास येत होता. वेफर्सप्रमाणे नायट्रोजन भरण्याचे यंत्र घेण्याचा सल्ला मिळाला आहे. खर्च मोठा असल्याने आधी विचारते.

फिल्मवाला:
ताई, आपल्या प्रश्नातच निम्मे उत्तर आहे. चकली सादळते ती बाष्पामुळे आणि खवटते ती मुख्यतः ऑक्सिजनमुळे. पॉलिप्रॉपिलीन बाष्पाला चांगले अडवते, पण ऑक्सिजनला जवळजवळ अडवतच नाही, म्हणून कुरकुरीतपणा टिकूनही वास बिघडतो. अशा पिशवीत नायट्रोजन भरला, तरी बाहेरच्या हवेतील २१ टक्के ऑक्सिजन काही दिवसांतच आत झिरपेल आणि यंत्राचा खर्च वाया जाईल. त्यामुळे आधी पिशवी बदला, यंत्राचे नंतर पाहा.

बाहेर १२ मायक्रॉन पॉलिएस्टर, मध्ये मेटलाइज्ड पॉलिएस्टर आणि आत सील होणारे पॉलिथिन, अशी तीन थरांची पिशवी मागा. मधल्या फिल्मवरचा ॲल्युमिनियमचा लेप एक दशांश मायक्रॉनहूनही पातळ असतो, तरी तो ऑक्सिजनबरोबर उजेडही रोखतो, आणि दुकानाच्या दर्शनी भागात टांगलेल्या पाकिटाला उजेडाचा त्रास कमी नसतो. चकली दिसत नाही ही ग्राहकाची तक्रार मात्र ऐकावी लागेल. अशी मिश्र थरांची पिशवी पुनर्वापरासाठी वेगळी करणे कठीण जाते, हा तिचा खरा दोष आहे.

जुनी कढई:
तळणीचे तेलही तपासावे. तेच तेल पुन्हापुन्हा तापवले असेल, तर खवटपणाची सुरुवात कढईतच झालेली असते आणि कोणतीही पिशवी ती मागे नेऊ शकत नाही.

ऑक्सिजन शोषणाऱ्या लोहचूर्णाच्या पुड्या स्वस्त पडतात, परंतु लोखंड गंजायला ओलावा लागतो. म्हणून आवश्यक ओलावा पुडीतच असलेला प्रकार घ्यावा. शिवाय ऑक्सिजन शोषला गेला की पाकीट आकसते. नायट्रोजनने फुगलेले पाकीट चकलीला गादीसारखे सांभाळते, ही सोय पुडीत नाही.

पिशवी घेताना ती अन्नासाठीच बनवली असल्याचे प्रमाणपत्र पुरवठादाराकडून घ्यावे. एफएसएसएआय या केंद्रीय अन्नसुरक्षा प्राधिकरणाच्या २०१८ च्या पॅकेजिंग नियमांनुसार प्लॅस्टिकमधून अन्नात उतरणाऱ्या एकूण द्रव्यांची मर्यादा किलोमागे ६० मिलिग्रॅम आहे.

फिल्मवाला:
एक राहिलेच. बंद पाकीट पाण्याखाली धरून हलकेच दाबा. बुडबुडे आले, तर सील गळत आहे.

भाजणीघर:
आज दहा पाकिटे बादलीत दाबून पाहिली. चारांतून बुडबुडे आले, आणि चारही वेळा वरच्या कोपऱ्यातून. भिंगातून पाहिले तर सीलच्या रेघेत तेलकट भाजणीचा चुरा चिकटलेला होता. आता भरताना तोंडात नरसाळे धरते आणि सील करण्यापूर्वी आतली कड कोरड्या फडक्याने पुसते. मेटलाइज्ड पिशव्यांचे नमुने मागवले आहेत. यंत्राची चौकशी तूर्त थांबवली आहे.