पाहुण्यांच्या आधार कार्डांनी भरलेला जुना फोन पार्टसाठी द्यायचाय, आधी काय करू?

खाडीकाठची_वहिनी
नमस्कार मंडळी. तारकर्लीला आमचं चार खोल्यांचं होमस्टे आहे. बुकिंगपासून 'आज बांगडे की सुरमई' इथपर्यंत सगळं व्हॉट्सअ‍ॅपवर चालतं, आणि पाहुण्यांची आधार कार्डंही तिथेच येतात. परवा गॅलरी उघडली तर पाच वर्षांची ओळखपत्रं, मध्येमध्ये तळलेल्या तुकड्यांचे फोटो. माझंच मला कसंतरी झालं.

हा फोन मे महिन्यात देवबागला होडीतून उतरताना पाण्यात पडला. खारं पाणी, दुसरं काय होणार! चालू होतो, पण स्क्रीनचा खालचा अर्धा भाग बोटाला दाद देत नाही. अंगठा लागतो म्हणून उघडतो एवढंच. नवीन घेतला, सिमही त्यात टाकलं. आता बाजारातला एक दुकानदार पार्टसाठी 800 रुपये देतो म्हणतोय. "पॅटर्न सांगून ठेवा वहिनी, रिसेट आम्हीच मारतो." माणूस वाईट नाही, पण लोकांनी आधार माझ्या भरवशावर दिलंय, त्याच्या नाही.

दुसरा फोन सासऱ्यांचा, 2014 सालचा, अँड्रॉइड 4.4. बॅटरी फुगून मागचं झाकण उचललंय. आमचे हे म्हणतात, चुलीत घाल. रिसेट मारला तरी फोटो परत काढता येतात म्हणे, खरं का?

कणकवलीचो_मेकॅनिक
वहिनीनू, तेका पॅटर्न देव नको. मी स्वतः दुकानवालो, म्हणान सांगतंय.

आता नीट सांगतो. नुसतं डिलीट म्हणजे वहीच्या अनुक्रमणिकेतून धडा खोडणं. पान तिथेच असतं, त्यावर दुसरं काही लिहिलं जाईपर्यंत. नवीन फोनवर व्हॉट्सअ‍ॅप सुरू केलं की जुन्यावरचं बंद होतं, पण आलेले फोटो फोल्डरमध्ये तसेच राहतात. लोक इथेच फसतात.

फोन 2019-20 चा असेल तर सेटिंग्जमध्ये सिक्युरिटीखाली एन्क्रिप्शन बघा. 'एन्क्रिप्टेड' दिसलं की काळजी मिटली. सगळा डेटा कुलपात असतो आणि रिसेट मारला की किल्लीच नष्ट होते. मागे उरतो तो नुसता कचरा, कोणालाही न वाचता येणारा.

मेख क्रमात आहे. आधी गुगल खातं काढा, मग सेटिंग्जमधून रिसेट. फोन बंद असताना बटणं दाबून येणाऱ्या रिकव्हरी मेनूतून उडवलात तर फोन सुरू होताना जुन्याच खात्याचा पासवर्ड मागतो. चोरीविरुद्धचं कुलूप आहे ते, अँड्रॉइड 5.1 पासूनचं. मग दुकानदाराचे फोनावर फोन.

टच नाही म्हणता, तर ओटीजी अडॅप्टर घ्या, म्हणजे फोनच्या चार्जिंगच्या जागी यूएसबीची वायर जोडायचा छोटा जोड, आणि वायरचा साधा माऊस लावा. स्क्रीनवर बाण येतो. आणि तोवर फोन बंद पडू देऊ नका! रिस्टार्ट झाला की अंगठा चालत नाही, पॅटर्नच लागतो.

चाकरमानी_डोंबिवली
मी तर रिसेटनंतर पंख्याकडे कॅमेरा लावून मेमरी भरेपर्यंत व्हिडिओ काढतो, तीनदा. जुना डेटा झाकला जातो.

कणकवलीचो_मेकॅनिक
पंखो बघून फोनाक झोप येयत, बाकी काय नाय. फ्लॅश मेमरी झीज वाटून घेण्यासाठी दर वेळी वेगळ्या जागी लिहिते, शिवाय थोडी जागा स्वतःकडे राखून ठेवते. सगळं झाकलं गेलं याची हमी नाही. एन्क्रिप्शन असेल तर या खटाटोपाची गरजच नाही.

सासऱ्यांच्या 4.4 ची गोष्ट निराळी. त्यात एन्क्रिप्शन आपणहून चालू नसतं. ते आधी चालू करायचं आणि मग रिसेट, पण त्यासाठी फोन चार्जिंगला लावावा लागतो. फुगलेली बॅटरी चार्ज करू नका. टोचू नका, दाबू नका. आणि चुलीत तर अजिबात नको, स्फोट होईल! झाकण काढून बॅटरी सहज निघत असेल तर काढा. मेमरी कार्ड बाहेर घ्या. मग बोर्डवरची काळी मेमरी चिप ड्रिलने आरपार भोका. नुसती स्क्रीन फोडून उपयोग नाही.

रत्नागिरीचे_काका
ताई, फोन पुसलात तरी गुगल फोटोजमध्ये त्या आधारच्या प्रती गेल्या असतील. बॅकअप चालू होता का ते बघा, तिथलंही काढा, ट्रॅशसुद्धा रिकामा करा. आणि यापुढे पाहुण्यांकडे मास्क्ड आधार मागा. त्यात शेवटचे चारच अंक दिसतात. फोन देताना आयएमईआय, म्हणजे फोनचा स्वतःचा ओळख क्रमांक, लिहिलेली पावती घ्या, *#06# दाबलं की नंबर येतो. उद्या तो फोन भलत्याच्या हाती गेला तर पोलिसांना दाखवायला कागद हवा.

खाडीकाठची_वहिनी
झालं एकदाचं. माऊस लावला तर स्क्रीनवर खरंच इवलासा बाण! मुलगी हसून हसून लोळली. एन्क्रिप्टेड होता. खातं काढलं, रिसेट मारला, पुन्हा सुरू झाल्यावर भाषा निवडा म्हणाला, पासवर्ड मागितला नाही. काका, गुगल फोटोजमध्ये खरंच सगळी आधार कार्डं होती, दोन संध्याकाळी बसून काढली. दुकानदाराने ऐन वेळी 700 च दिले, माऊस नि अडॅप्टरचे 350 गेले. पावतीला कुरकुरला, पण दिली.

सासऱ्यांच्या फोनची चिप सुताराने भोकली. कार्डात जुन्या कौलारू घराचे फोटो निघाले, आत्ते अजून जात्यावर बसलेल्या. कार्ड आता मामंजींच्या पानाच्या डब्यात आहे, ते काही कोणाला देत नाहीत.

बॅटरी पडवीबाहेर वाळूच्या डब्यात ठेवलीय. भंगारवाल्याला द्यायचा धीर होत नाही. कुडाळ-सावंतवाडीकडे ई-कचरा घेणारं कोणी माहीत असेल तर सांगा.