मंडपात स्पीकर टांगायचे की जमिनीवरच ठेवायचे?

माहीमकर: गणपतीत आमच्याकडे एक दिवस ऑर्केस्ट्रा असतो. यंदा साउंडवाल्याचा हट्ट आहे की स्टेजच्या दोन्ही बाजूंना सहा-सहा स्पीकरचे बॉक्स ट्रसला, म्हणजे धातूच्या नळ्यांच्या चौकटीला, टांगायचे. एक बॉक्स २५ किलोचा धरला तरी फ्रेमसकट एका बाजूला पावणेदोनशे किलो होतात, आणि खाली बायका-पोरं चटईवर बसलेली. माझा साफ विरोध आहे. ट्रस भाड्याचा, तो किती वजन पेलतो याचा कागद कुणाकडे नाही. मंडपवाल्याला विचारलं तर ‘काय नाय होत साहेब’. जमिनीवर ठेवा, पट्टा मारा, विषय संपला.

मिक्सरमागचा: संपला कसा? जमिनीवरच्या स्पीकरपासून पहिली चटई २ मीटरवर, शेवटची खुर्ची ३२ मीटरवर. अंतर दुप्पट झालं की उघड्यावर साध्या स्पीकरचा आवाज ६ डेसिबलने उतरतो, म्हणजे मागे तब्बल २४ कमी. मागचे ओरडले की मी आवाज वाढवणार आणि कान फुटणार पुढच्या आजींचे. तोच स्पीकर कानांच्या ६ मीटर वर नेला तर हा फरक १४ च्या आसपास येतो. आणि तुमच्या त्या थप्पीवर पोरं चढतात, त्याचं काय?

वरचं_काम: मी रिगिंग, म्हणजे जड सामान वर टांगायचं काम करतो, म्हणून थोडं लांबलचक. टांगण्यात गैर काही नाही, पण मंडपात जे बघतो ते भयंकर असतं. शॅकलवर (टांगणी जोडायच्या पिनवाल्या कडीवर) वजनमर्यादा कोरलेली असते. हार्डवेअरच्या दुकानातून आणलेल्यावर काहीच नसतं, तो वापरायचाच नाही. दोन स्लिंगांमधला (वजन पेलणाऱ्या पट्ट्यांमधला) कोन ६० अंश असेल तर प्रत्येकावर एकूण वजनाच्या सुमारे ५८ टक्के ताण येतो. १२० अंशांवर प्रत्येकावर पूर्ण वजनाइतका! उंची कमी पडली की पोरं स्लिंग आखूड घेतात, कोन पसरतो, आणि खालून बघणाऱ्याला सगळं टाइट, छान दिसतं. शॅकलची पिन थरथरून सुटू नये म्हणून तिला तार मारलेली हवी. पॉलिएस्टरचे स्लिंग गरम लाइटला खेटून नकोत. शिवाय स्टीलची सेफ्टी, म्हणजे मुख्य टांगणी तुटली तर वजन धरणारी दोरी, वेगळी, आणि तीही ताठ. ढिली सोडली तर वजन आधी पडतं, मग झटका बसतो, आणि त्या झटक्याने सेफ्टीच तुटू शकते.

माहीमकर: हे सगळं वरळीच्या डोमसारख्या मोठ्या हॉलमध्ये होत असेल. आमच्याकडे सातला टेम्पो येतो, आठला कार्यक्रम. पिन बघायला शिडीवर कोण चढणार?

खजिनदार_दादर: मधला मार्ग सुचवतो. पुढे छोटे स्पीकर ठेवा, २० मीटरवर आणखी दोन, त्यांना साधारण ५८ मिलिसेकंदांचा डिले, म्हणजे पुढचा आवाज तिथे पोचेपर्यंत ते थांबतात. टांगायची भानगडच नको, भाडंही कमी.

मिक्सरमागचा: चालेल, मी केलंय. पण ते स्टँडही गर्दीतच उभे राहणार. बॅरिकेड आणि पायांवर वाळूच्या गोण्या कोण देणार ते आत्ताच ठरवा, नाहीतर माहीमकर उद्या त्याच्याही विरोधात धागा काढतील 😄

माहीमकर: काढीनच. १३ मे २०२४ ला घाटकोपरचं होर्डिंग पडलं, १७ जणांचा जीव गेला. तेव्हाही वादळ काही मिनिटांचंच होतं.

वरचं_काम: होर्डिंग वेगळं, मंडप वेगळा. पण वाऱ्याचं बरोबर बोललात. वेग दुप्पट झाला की जोर चौपट होतो, आणि ताडपत्री बांधलेला ट्रस शिडासारखा फुगतो. म्हणून मी ताडपत्री स्पीकरच्या ट्रसला बांधू देत नाही, तिला वेगळे खांब. वारा सुटला की खालची माणसं आधी बाजूला, मग स्पीकर खाली. तेव्हा स्पीकर वर-खाली करायच्या चेनपर्यंत हात पोचला पाहिजे. तिच्यासमोर सोफे लावून ठेवू नका.

खजिनदार_दादर: आणि कार्यक्रम ऐन रंगात असताना ‘उतरवा’ म्हणणार कोण? प्रमुख पाहुणे समोर बसलेले असतात हो.

वरचं_काम: मी. ऑर्डर घेतानाच तसं लिहून घेतो. अध्यक्षांना ते मान्य नसेल तर माझा टेम्पो निघत नाही.

माहीमकर: तुमच्यासारखा माणूस मिळाला आणि ट्रसचा कागद दाखवला, तर मीटिंगमध्ये हात वर करेन. आमच्या साउंडवाल्याकडे दोन्ही नाहीत. तोवर जमिनीवरच.