अनुभव धागा: ज्यांचा उत्साह दुसऱ्यालाही लागतो अशी माणसं

पंचवटी_एक्सप्रेस:
आज पहाटे नाशिकला गंगापूर रोडच्या कडेला एक जण दुसऱ्याच्या सायकलची सीट वरखाली करून देत होता. ते बघून जुना सायकल ग्रुप आठवला, म्हणून हा धागा. एकामुळे दहा जण उठतात, तो एक नेमकं काय करतो ते लिहा. 'फार पॉझिटिव्ह आहे' वगैरे नको.
सुरुवात मी करतो. असा माणूस ग्रुपवर 'उद्या कोण येतंय?' विचारत नाही. त्यावर नुसते अंगठे येतात आणि अंगठेवाले सकाळी झोपलेले असतात. तो रात्री ९ला दोघांनाच फोन करतो, 'साडेपाचला तुझ्या गेटशी.' पहिले तीन रविवार गंगापूर धरणाच्या पुढे नाही. त्र्यंबकचं नाव चौथ्या रविवारी. जाऊन-येऊन पन्नासच्या वर होतात, नवा गडी दोन दिवस जिना उतरताना कण्हतो आणि पुन्हा फोन उचलत नाही.

चेन_उतरली:
सगळ्यात दमदार गड्याने मागे राहायचं, हे राहिलं. तो पुढे असला की वेग २५ वर जातो, नवखे चढाला सुटतात आणि तिसऱ्या आठवड्याला ग्रुपात चारच उरतात. पुढे सगळ्यात हळू चालवणारा, ताशी १५-१६.
सीटचं म्हणाल तर पेडल खाली नेऊन त्यावर टाच ठेवायची, गुडघा सरळ व्हायला हवा. मग चवडा ठेवून चालवताना तो आपोआप थोडा वाकलेला राहतो. निम्म्या लोकांची सीट खाली असते, म्हणून गुडघे पुढून दुखतात आणि दोष सायकलिंगला.

सिडकोची_सून:
नाश्ता कुठे ते लिहा आधी 😄

चेन_उतरली:
ताई, मिसळ परतताना. जाताना खाल्ली की चढाला तर्री वर येते.

बाभूळकाटा:
ग्रुप मोडतो तो पंक्चरने. एकाचं झालं की दहा जण अर्धा तास उन्हात. उत्साही माणूस दोन ट्यूब, टायर उचकटायच्या तीन पट्ट्या (टायर लिव्हर), पंप, पॅच, काचकागद घेऊनच निघतो. आणि स्वतः करत नाही, नव्याच्या हातात देऊन करवून घेतो.
पॅच का सुटतो? सोल्युशन ओलं असतानाच चिकटवतात म्हणून. आधी काचकागदाने घासा, पातळ थर लावा, ४-५ मिनिटं थांबा, बोटाला चिकटेनासं झालं की पॅच दाबा. त्याआधी टायरच्या आतून बोट फिरवा, हळू. बाभळीचं टोक आतच राहिलेलं असतं, तेच नवीन ट्यूबही फोडतं.
हवा: ३२-३५ मिमी रुंद टायरला ६०-७० पीएसआय, माउंटन बाइकच्या (एमटीबी) जाड टायरला ४० पुरे.

टिपरू:
सायकलवाल्यांनी धागा पळवला ना भो. नाशिकमध्ये दुसऱ्याला लागणारा उत्साह म्हणजे ढोल!
नव्या पोराला रांगेच्या टोकाला उभं करू नका. दोन मुरलेल्यांच्या मध्ये ठेवा. २० मीटरवरचा ठोका कानावर यायला सेकंदाचा सतरावा भाग लागतो, म्हणजे टोकाचा माणूस कानावर विसंबला की मागेच पडणार. ताशेवाल्याच्या हाताकडे बघायला शिकवा. ढोल लगेच कमरेला बांधू नका. आधी बोल तोंडाने आणि टाळीने, ते चुकेनासे झाले की ढोल. आधीच बांधला तर लक्ष वजनाकडे जातं आणि ताल सुटतो.
पावसाळी हवेत चामड्याचं पान सैल पडतं, आवाज बसतो. पोरं मग जोर लावतात आणि मनगट धरतं. जोर नको, दोरी ताणा. कानात कापूस पुरत नाही, फोमचे बोळे घ्या.

सिडकोची_सून:
आमच्या खालच्या मजल्यावर सराव आहे. बोळे कुठे मिळतात? 🙏

टिपरू:
मेडिकलमध्ये. पिळून बारीक करा, दुसऱ्या हाताने कान वर ओढून घाला, फुगेपर्यंत धरून ठेवा. नुसते टेकवले तर उपयोग शून्य.

अंबडची_पहिली_पाळी:
कंपनीतलं लिहिते. सकाळी ७ला फुलांचे फोटो पाठवणारा उत्साही नव्हे, तो फक्त जागा आहे. उत्साही सहकारी ओळखायचा तो मशीनजवळ. हेल्परने काही सुचवलं, की तिथल्या तिथे फळ्यावर त्याच्या नावासह लिहितो आणि काय झालं ते आठवड्याच्या आत सांगतो, 'जमणार नाही, कारण अमुक' असलं तरी. सूचनापेटीत मात्र चिठ्ठ्या कुजतात, मग कोण बोलेल?
पाळी सुरू होतानाची मीटिंग उभ्याने, दहा मिनिटं. खुर्च्या आल्या की अर्धा तास धरा.

पंचवटी_एक्सप्रेस:
@अंबडची 'तो फक्त जागा आहे' 😂😂

लांबपल्ला:
२०१५ साली नाशिकच्या हितेंद्र आणि महेंद्र या डॉक्टर महाजन बंधूंनी रेस अक्रॉस अमेरिका ही सायकल शर्यत पूर्ण केली, दोघांचा संघ, अंतर साधारण ४८०० किमी. असं कुणी गावातलंच असलं की २०० किमीच्या ब्रेव्हेचं (ठरलेल्या वेळेत पूर्ण करायची लांब पल्ल्याची सायकल फेरी) नाव काढायला माणूस बिचकत नाही. त्याला वेळ साडेतेरा तास, ३००ला २०, ४००ला २७, ६००ला ४०. मित्राला ओढायचं तर वेग सांगू नका, हे तास सांगा. ताशी १५ ऐकलं की सोपं वाटतं. फसतात ते थांब्यांवर. चार ठिकाणी अर्धा-अर्धा तास बसले की दोन तास गेले. थांबा १० मिनिटांचा, बाटली भरा, केळं खा, कार्डावर शिक्का, चला.

सिडकोची_सून:
आमच्याकडे लेडीज सायकल आहे, तीन वर्षं गॅलरीत. चालेल का?

बाभूळकाटा:
चालेल ताई. टायरच्या कडेला चिरा दिसल्या तर दोन्ही बदला. ब्रेकचे रबर कडक झाले असतील, तेही. चेन फडक्याने पुसा, प्रत्येक कडीवर एक थेंब तेल, दहा मिनिटांनी जास्तीचं पुसून टाका, नाहीतर धूळ धरते.

पंचवटी_एक्सप्रेस:
रविवारी साडेपाचला तुमच्या गेटशी.

सिडकोची_सून:
साडेपाचला पाणी येतं आमच्याकडे! सहा करा.