शब्दचर्चा : परदेश प्रवास विम्यातला ‘आजार’ आणि आपल्या घरातला ‘आजार’

आई-बाबा सांगलीहून पाच महिन्यांसाठी माझ्याकडे न्यू जर्सीला येताहेत. विम्याचा अर्ज भरताना फोनवर विचारलं, “आई, तुला काही आजार आहे का गं?” ती म्हणाली, “छे, ठणठणीत आहे मी.” मी ‘नाही’वर खूण केली. दोन दिवसांनी व्हिडिओ कॉलवर तिच्यामागे गोळ्यांचा डबा दिसला. रक्तदाबाची गोळी नऊ वर्षं चालू, थायरॉइडची त्याच्याही आधीपासून. “अगं, तो काय आजार आहे? गोळी घेतली की झालं.”

आई खोटं बोलली नव्हती, माझा शब्द चुकला होता. अर्ज पाठवला नव्हता म्हणून निभावलं. ‘प्री-एक्झिस्टिंग डिसीज’ला, म्हणजे विमा घेण्याआधीपासूनच्या आजाराला, ‘पूर्व-विद्यमान आजार’ असं लिहिलेलं वाचलं, पण ते आईला सांगून काही कळणार नाही. तुम्ही घरी काय म्हणता? ‘डिडक्टिबल’ आणि ‘प्रीमियम’लाही शब्द हवेत.

प्रतिसाद

तुमच्या आईंचं मराठी अगदी बरोबर आहे. आपल्याकडे माणूस अंथरुणाला खिळला की ‘आजारी’. बीपी आणि शुगर ‘असते’, गुडघ्यांची ‘तक्रार’ असते, पित्ताचा ‘त्रास’ असतो. विमा कंपनीच्या लेखी मात्र हे सगळं एकाच रकान्यात येतं. तो रकाना रिकामा राहिला तर पुढे क्लेम नाकारायला तेवढं कारण पुरू शकतं. त्यामुळे मी ज्येष्ठांना ‘आजार’ हा शब्द घालून प्रश्नच विचारत नाही. कुठली गोळी चालू आहे, कधी ऑपरेशन झालंय, डॉक्टरांनी कशावर लक्ष ठेवायला सांगितलंय, असं विचारते.

शब्दच हवा असेल तर ‘आधीचं दुखणं’. ‘चालू दुखणं’ म्हणू नका. दोन वर्षांपूर्वी काढलेला मुतखडा आज चालू नाही, तरी पॉलिसीत ‘मागची इतकी वर्षं’ अशी मुदत दिलेली असते आणि तो त्यात बसू शकतो.

अमेरिकेत येणाऱ्या पालकांच्या पॉलिसींत याच्याच जोडीला आणखी एक शब्द भेटतो, ‘अक्यूट ऑनसेट’. त्याला मराठीत तयार शब्दप्रयोग आहे : जुन्या दुखण्याने अचानक उचल खाणे. अशा पॉलिसींत जुन्या दुखण्याचे नेहमीचे उपचार, तपासण्या, गोळ्या सहसा बसत नाहीत. अचानक उचल खाल्ली तरच खर्च मिळतो. त्यालाही अटी असतात. आधी काही लक्षण नसावं, आणि बऱ्याच पॉलिसींत २४ तासांच्या आत उपचार घेतलेले असावेत. छातीत दुखतंय आणि “उद्या बघू, मुलीला कशाला त्रास” म्हणत दोन दिवस काढले, तर ते ‘अचानक’ राहत नाही. आपले आईवडील नेमकं हेच करतात. ही अट त्यांना विमानात बसण्याआधी सांगा. वयाची मर्यादाही पाहा. अनेक पॉलिसींत ठरावीक वयानंतर ही सोय मिळत नाही.

प्रतिसाद

‘डिडक्टिबल’साठी ‘वजावट’ नको. प्राप्तिकरामुळे वजावट म्हणजे आपला फायदा हे डोक्यात पक्कं बसलंय, इथे तर पैसे आपले जातात. माझ्या मते ‘पदरमोड’. समजा ती २५० डॉलर आहे आणि पॉलिसीत बसणारं बिल ४,००० झालं, तर पहिले २५० आपण भरायचे, कंपनीचा हिशेब उरलेल्या ३,७५० पासून सुरू. ही पदरमोड पूर्ण मुदतीत एकदाच करायची की प्रत्येक दुखण्याला वेगळी, हे जरूर बघा.

प्रतिसाद

पदरमोड माणूस आपणहोऊन करतो. इथे सक्ती आहे. तरी शब्द ऐकताच अर्थ कळतो, म्हणून चालेल. बिलाच्या टक्केवारीत भरायचा असतो तो अमेरिकी पॉलिसींत ‘को-इन्शुरन्स’, आपल्याकडच्या पॉलिसींत ‘को-पे’. तो वेगळा, त्याला ‘आपला वाटा’ म्हणावं.

प्रीमियमला ‘हप्ता’ मात्र नकोच. फारसीत हफ्त म्हणजे सात, त्यावरून हफ्ता म्हणजे आठवडा, आणि मराठीत हप्ता म्हणजे थोडे थोडे करून भरायचे पैसे. प्रवास विम्याचे पैसे साधारणपणे एकदाच भरतात. ‘हप्ता’ म्हटलं की आयुर्विम्याची सवय असलेली माणसं विचारतात, “मुदत संपल्यावर किती मिळतात?” काही मिळत नाही. ‘विम्याचे पैसे’ म्हणा, कागदावर ‘विमाशुल्क’.

मला सर्वांत खटकतो तो ‘सर्वसमावेशक’. ‘कॉम्प्रिहेन्सिव्ह’चं हे भाषांतर वाचून सगळंच बसतं असं वाटतं. तसं नाही, पॉलिसींच्या दोन प्रकारांपैकी तो एक, इतकंच. पहिल्या, ‘फिक्स्ड बेनिफिट’ पॉलिसीत डॉक्टरची भेट, खोलीचा एक दिवस, शस्त्रक्रिया अशा एकेका गोष्टीला ठरावीक रक्कम मिळते, बिल कितीही येवो. त्यामुळे वर ‘५०,००० डॉलर’ छापलेलं असूनही अमेरिकेतल्या रुग्णालयाच्या बिलापुढे हाती फार थोडं येतं. दुसऱ्या, ‘कॉम्प्रिहेन्सिव्ह’ प्रकारात प्रत्यक्ष बिल धरून पैसे मिळतात. मी त्यांना ‘ठरावीक रकमेची’ आणि ‘बिलाप्रमाणे’ म्हणतो.

प्रतिसाद

युरोपच्या शेंगेन व्हिसाला निदान ३०,००० युरोंचा वैद्यकीय विमा लागतो. त्यात ‘रिपॅट्रिएशन’ हवंच. याला ‘मायदेशी आणणे’ म्हणावं, कारण त्यात आजारी माणूसही येतो आणि पार्थिवही. घरच्यांना हे बोलणं अभद्र वाटतं, तरी अर्थ टाळू नका.

आणि ‘सामान हरवणे’ : बहुतेक पॉलिसींत ते फक्त विमान कंपनीच्या ताब्यात दिलेलं सामान. टॅक्सीत विसरलेली पर्स त्यात येत नाही.

मूळ प्रश्नकर्ती

सर्वांचे मनापासून आभार. काल आईबाबांना एकत्र बसवून ‘आजार’ शब्द न काढता विचारलं. आईच्या दोन गोळ्या माहीत होत्याच. बाबांनी खिशातून तिसरी पट्टी काढली, कोलेस्टेरॉलची, दीड वर्षापासून चालू. आईलाही ठाऊक नव्हती. तिन्ही औषधांची नावं अर्जात लिहिली. ‘उचल खाणे’ आणि २४ तास हे आईने स्वतःच्या अक्षरात लिहून पासपोर्टच्या पिशवीत ठेवलंय.